आईचं पितळी पातेलं

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून पत्र नाही, तुझ्या शिव्या पोचल्या. तब्येत बरी, साखर गोळीवर आटोक्यात. पण घरात कुणाला सांगायची सोय नाही असं एक झालंय.

आईचं ते पितळी पातेलं, तू अख्खी कढी संपवली होतीस ते. काळं पडलं होतं. चिंचेनं दहा मिनिटांत निघालं असतं, पण माझ्या अंगात केमिस्ट संचारला. बाजारचं व्हिनेगर फ्रीजरमध्ये गोठवलं, बाटली उलटी धरून आधी वितळलं तेवढंच घेतलं. बर्फात पाणीच जास्त अडकतं. ४ टक्क्यांचं असं झणझणीत झालं की डोळे चुरचुरले. मीठ घालून पातेल्यात रात्रभर ठेवलं.

सकाळी काठाशी बरोब्बर निळसर हिरवं कडं! पितळेतलं तांबं काही व्हिनेगरच्या आम्लातून हायड्रोजन सोडवत नाही. आधी हवेतला ऑक्सिजन त्याला धरतो, मग आम्ल ते ऑक्साइड उचलतं. म्हणून हवा लागते तिथेच जंगाल, म्हणजे तो हिरवा गंज. मी खूश, फोटोसुद्धा काढला. घासून फळीवर ठेवलं. आतली झिजलेली कल्हई होती नव्हती तीही गेली, हे डोक्यातच आलं नाही.

आईनं त्यात ताक ठेवलं. कळकलं. दोन घोट प्यायली नि रात्रभर उलट्या. आता ठणठणीत आहे, पण रोज म्हणते, "माझंच चुकलं रे, कल्हई बघायची राहिली. वय झालं." हल्ली गॅस बंद केलाय का तेही तीनदा बघते. आणि मी गप्प.

हसू नकोस. आठवतं, थंडीत लॅबमधली ग्लेशियलची, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लाची पण बिनपाण्याची, बाटली गोठली होती, १६.६ अंशांखाली गोठतंच ते. मी कढत पाण्यात ठेवली, तडकली, नि सरांनी झापलं तुला. तेव्हाही मी गप्पच. तू सहा महिने अबोला धरलास. माझ्या हिशेबानं चारच, पण जाऊ दे.

कल्हईवाला शोधून आणला. नवसागराचा धूर, कापसाचा बोळा फिरला नि आत तोंड दिसायला लागलं. आई म्हणाली, "आता मी नीट लक्ष ठेवीन हो." घास उतरेना.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेक बारावीला ना यंदा? वहिनींना नमस्कार.

रविवारी आईला सांगायचं ठरवलंय. शनिवारी रात्री फोन कर, नाहीतर मी टाळीन.

तुझाच,
बंड्या