दादा, ह्या प्लानमध्ये खाडा नाही

अटलांटा,
३ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू डिस्नेच्या जेवणाच्या प्लानचं विचारलंस तेव्हा मी "बघून सांगते" म्हणून विषय बदलला, कारण आई तुझ्या बाजूलाच बसली होती. तिच्यासमोर डॉलरचे आकडे काढले असते तर तिने तिथल्या तिथे "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" म्हटलं असतं. म्हणून सविस्तर लिहितेय. पत्र वहिनीला दाखव, आईला वाचून दाखवू नको.

तुझा सीताबर्डीचा ट्रॅव्हल्सवाला म्हणतो की ओरलँडोला डिस्नेच्याच हॉटेलात राहा आणि जेवणाचा प्लान आधीच भरून टाका, ताडोब्याला एपी (खोलीसकट तिन्ही वेळचं जेवण) घेतो तसं. "एकदाचे पैसे भरून टाकतो अन् मोकळा होतो," असं तू म्हणालास. मला कळतं ते. बिल अंगावर राहिलं की तुला झोप येत नाही, बाबांचंही तसंच होतं. पण मी दोन रात्री वही घेऊन बसले, आपल्या घरातलं एकेक माणूस डोळ्यांसमोर आणून चार रात्रींचा हिशोब मांडला, आणि माझं मत झालं की घेऊ नको.

ताडोब्याची गोष्ट वेगळी आहे रे. मोहर्लीला पहाटे अंधारात सफारीला निघायचं, दुपारी परत, पुन्हा संध्याकाळची सफारी. जेवायला दुसरीकडे जायला ना वेळ असतो ना जागा. तिथे बुफे लागतो, आई दोन पोळ्या आणि वरण घेते, पिहू दहीभातावर भागवते, चिनू गुलाबजामच खातो, आणि सगळ्यांचं एकाच भांड्यातून निघतं. डिस्नेच्या प्लानमध्ये जेवणं नगावर मिळतात. साध्या प्लानला क्विक-सर्व्हिस म्हणतात. त्यात दर माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणं, एक खाऊ, आणि हॉटेलात पुन्हा पुन्हा भरता येईल असा एक मग. मोठ्या प्लानमध्ये त्या दोनातलं एक जेवण टेबलावर बसून, वाढपी येऊन वाढणारं. खोलीत जितकी माणसं, तितक्या सगळ्यांचा घ्यावा लागतो, तीन वर्षांच्या पुढचं कोणी सुटत नाही. आईचा नको, बाकीच्यांचा द्या, असं चालत नाही. आणि त्यांच्या हॉटेलात राहिलात तरच मिळतो.

तू अमरावतीला शिकायला होतास तेव्हाची मेस आठव. शनिवारी नागपूरला यायचा असलास की शुक्रवारीच काकूंना सांगायचास, "काकू, दोन दिवस खाडा." महिनाअखेरीला त्या वहीत बघून तेवढे पैसे वजा करायच्या. ह्या प्लानमध्ये खाडा नाही. एवढं बरं की रोजचं रोजच संपवायला हवं असं नाही, पूर्ण मुक्कामात कधीही वापरता येतं. पण निघायच्या दिवशी मध्यरात्र झाली की उरलेलं गेलं, पैसे परत नाहीत.

आता आकडे. करोनात हा प्लान बंद झाला होता, जानेवारी २०२४ मध्ये परत सुरू झाला. तेव्हाचा दर साध्या प्लानला मोठ्या माणसाला एका रात्रीचे ५७.०१ डॉलर आणि लहान मुलाला २३.८३. मोठ्या प्लानला ९४.२८ आणि २९.६९. दर वाढत जातो, त्यामुळे बुक करायच्या दिवशी जो असेल तो बघ, पण गणिताची चाल हीच राहील. लहान म्हणजे त्यांच्या लेखी तीन ते नऊ. आपली पिहू बारा वर्षांची, म्हणजे तिचे पैसे तुझ्याइतकेच, जरी ती खाते चिमणीएवढं. तेव्हा तू, वहिनी, आई, पिहू असे चार मोठे आणि एकटा चिनू लहान. साध्या प्लानला रात्रीचे २५१.८७, चार रात्रींचे हजार डॉलरच्या थोडे वर. मोठ्या प्लानला सोळाशेच्या वर, आणि टेबलावरच्या जेवणाची टिप त्यात धरलेली नसते, ती वेगळी द्यावी लागते, अठरा-वीस टक्के.

रोख पैसे देऊन खाल्लं तर? मी मागच्या खेपेला भरलेल्या बिलांवरून धरते. काउंटरवरचं शाकाहारी जेवण साधारण चौदा डॉलर, थंड पेय पाच, खाऊ सहा. दोन जेवणं, दोन पेयं आणि एक खाऊ मिळून ४४, त्यावर तिथला साडेसहा टक्के कर, म्हणजे ४७. त्या पुन्हा भरायच्या मगचे पैसे चार रात्रींवर वाटून घातले तरी ५७ गाठत नाही. म्हणजे प्रत्येक घास संपवला, प्रत्येक पेला प्यायलो, तरी मोठ्या माणसामागे आपण वरचेच देतो. आणि आपण रोज दोन-दोन पेले कोक पिणारे लोक नाही. ज्या काउंटरवर थंड पेयाचं मशीन असतं तिथे मागितलं की पाण्याचा पेला फुकट देतात. (आईसाठी मागताना बर्फ नको म्हणून आधी सांगायचं, नाहीतर काठोकाठ बर्फच घालतात.) पेयं वजा केली की मोठ्या माणसाचे रोजचे ३६ होतात. चिनूचं मुलांच्या यादीतलं जेवण पेयासकट साडेआठ-नऊला पडतं, त्याचे रोजचे चोवीस-पंचवीस, म्हणजे प्लानइतकेच. पाचांचे मिळून रोजचे १६८ विरुद्ध २५२. चार रात्रींत ३३६ डॉलरचा फरक. डॉलर ८५ रुपयांना धरला तर साडेअठ्ठावीस हजार होतात, दादा. आणि हे सुद्धा माणशी दोन पूर्ण जेवणं धरून. इथली ताटं एवढी मोठी असतात की आई आणि पिहू एकात भागवतील आणि तरी तळलेले बटाटे उरतील.

तरी हा प्लान सगळ्यांनाच तोट्याचा आहे असं मी म्हणणार नाही. मोठ्यांच्या जेवणातल्या पेयाच्या जागी एकवीस वर्षांपुढच्यांना बिअर किंवा वाईनही घेता येते. ती बाहेर महाग, त्यामुळे रोज घेणाऱ्यांचं गणित पटकन बसतं. आपल्या घरात कोणी घेत नाही. दुसरे, नऊ वर्षांखालची दोन-तीन मुलं असलेले. मिकी आणि मंडळी टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात अशी बुफेची जेवणं असतात, त्या एका जेवणाचं लहान मुलाचं बिलच मोठ्या प्लानच्या पूर्ण दिवसाच्या २९.६९ च्या वर जातं. तशी जेवणं रोज करणाऱ्याला मुलांमागे नक्की फायदा. पण त्यासाठी त्या घरातल्या मोठ्या माणसांनी रोज साठ डॉलरच्या पुढचा बुफे खायचा, आणि त्यात मांसाचेच पदार्थ जास्त. आई तिथे काय खाणार? काकडी आणि पाव. कधी कधी मुलांचा प्लान फुकट अशी ऑफरही निघते, ट्रॅव्हल्सवाला तीच दाखवेल. अशा वेळी खोलीवरची सवलत सोडून पूर्ण भाडं भरावं लागतं का, ते त्याला आधी विचार आणि दोन्हीकडची बेरीज कागदावर माग.

मी हे एवढं तळमळीने सांगतेय कारण एकदा माझे हात पोळलेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहिलो, जेवणाचे पैसे आधी भरून. पहिल्या दिवसापासून माझं लक्ष समुद्रावर कमी आणि कुपनांवर जास्त. अनन्या वाळूत किल्ला करत होती, छान रमली होती, आणि मी तिला ओढत जेवायला नेलं, कारण दुपारची वेळ संपत होती आणि पैसे भरलेले होते. तिला भूक नव्हती. अर्धं ताट टाकलं. आपल्या घरात ताटात टाकलं म्हणून बाबा जेवण थांबवायचे, आणि मी माझ्या लेकीला सांगत होते, "राहू दे, टाक." शेवटच्या रात्री आठ कुपनं उरली होती. दहा वाजता मी दुकानाच्या काउंटरवर उभी राहून त्यांच्या बदल्यात मिळतील तेवढी चिप्सची पाकिटं आणि रसाच्या बाटल्या गोळा केल्या. गाडीच्या मागच्या सीटवर ती पिशवी ठेवली होती, घरी येईपर्यंत रस्ताभर कुरकुरत होती. त्यातलं निम्मं आम्ही खाल्लंच नाही.

आता खरी गोष्ट सांगते, ज्यासाठी मी एक वेळ प्लान घ्यायलाही तयार झाले होते. चार वर्षांपूर्वी आई एकटी आली होती तेव्हा आम्ही तिला एका साध्या हॉटेलात नेलं. मेनू तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, बोट उजवीकडच्या आकड्यांवरून खाली नेलं, ओठ हलवत मनात गुणाकार केला, मेनू मिटून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मला भूक नाही गं, तुम्ही खा." सकाळपासून चहावर होती ती. रात्री अकराला मी पाणी प्यायला उठले तर खोलीत दिवा चालू. पलंगाच्या कडेला बसून, पदरात वाटी धरून, नागपूरहून आणलेला चिवडा खात होती. मी दारातूनच परत फिरले. काय बोलणार होते?

तू "आधीच पैसे भरून टाकू" म्हणालास तेव्हा मला तो दिवा आठवला. पैसे भरलेले असले तर आई किमती बघणार नाही, निवांत जेवेल. ही त्या प्लानची एकच बाजू मला मनापासून पटली. पण तेच दुसऱ्या मार्गाने होतं, आणि त्याचं मी ठरवून टाकलंय. डिस्नेचं गिफ्ट कार्ड मिळतं, इथल्या किराणा दुकानातही टांगलेलं असतं. त्यात आपण पैसे भरायचे आणि पार्कातल्या काउंटरवर, हॉटेलात, टेबलावरच्या जेवणालाही ते चालतं. मी सातशे डॉलरचं करून आईच्या हातात देणार आहे. तिला सांगायचं की ह्यात सगळ्यांचं जेवण भरलेलं आहे, तू फक्त पुढे कर. उरले तर कार्डावरच राहतात, मध्यरात्रीला जात नाहीत. तू हे पैसे द्यायला लागशील, मला माहीत आहे. यंदा भाऊबीजेला तू माझ्या दारात असणार, नऊ वर्षांनी. ओवाळणीत काय घालायचं ते घाल, पण आईच्या कार्डाचं माझ्याकडे राहू दे.

बाकी सोय अशी. इथून ओरलँडो गाडीने सातशे किलोमीटर, म्हणजे नागपूर-पुणे. विमान नको, गाडीच नेऊ, मग डबेही नेता येतील. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी मी करते. हॉटेलच्या खोलीत छोटा फ्रीज आणि कॉफीचं यंत्र असतं, शेगडी नसते, तेव्हा गरम पाणी ओतून होणारे पोहे आणि उपमा डिकेटरच्या पटेल प्लाझातून आणून ठेवीन. तर्री नाही मिळणार, पण सकाळचं पोटात पडेल. पार्कात बाहेरचा खाऊ नेऊ देतात, फक्त काचेची बाटली आणि दारू नको. तू तिकडून चिवडा-शेव आण आणि विमानतळावर उतरलास की खायचे पदार्थ आहेत म्हणून आधीच सांग. संत्री मात्र अजिबात आणू नको, ताजी फळं चालत नाहीत. चिनूने अनन्याला कबूल केलीत म्हणे, त्याला आत्ताच समजाव.

एक जेवण मी टेबलावरचं ठरवलंय, रोख पैसे देऊन. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचं हॉटेल आहे, आफ्रिकी जेवण पण हिंदुस्थानी मसाल्यांचं. तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या-लोणच्यांचं मोठं ताट येतं, पाचजण मधे ठेवून खातात. आणि काचेच्या खिडकीबाहेर झेब्रे आणि जिराफ चरत असतात. चिनूचा चेहरा बघायचाय मला. जागा साठ दिवस आधी धरावी लागते, म्हणून तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव.

आणि एक काम कर. भाऊबीजेनंतर आठवड्याने आपण ओरलँडोला असू, म्हणजे कार्तिकी एकादशी नेमकी तिथे येते. आई उपास मोडणार नाही. त्या दिवसाचं मी इथून रताळी, राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले दाणे घेऊन निघते. पण हल्ली साबुदाण्याने तिला ॲसिडिटी होते असं वहिनी म्हणत होत्या. ते अजून तसंच आहे का, आणि भगर चालते का, तिला कळू न देता विचारून दोन दिवसांत मेसेज टाक. सनाची तारीख मला एकादशी सोडून धरायची आहे.

वहिनींना नमस्कार, पिहू-चिनूला खूप खूप आशीर्वाद. आईच्या गुडघ्याला तेल लावून देतोस ना रोज?

तुझी,
छकुली