टीव्हीवरच्या रात्रीच्या त्या चर्चांबद्दल, आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता येत नाही. फोन केला की मागे टीव्ही चालू असतो. बाबा, तुम्ही आवाज कमी करता, पण लक्ष तिकडेच असतं; तुमच्या तुटक उत्तरांवरून मला ते कळतं. म्हणून लिहायला बसले.

राग तुमच्यावर नाही, त्या वृत्तवाहिन्यांवर आहे, हे आधीच सांगते. तुम्हाला जगाची काळजी आहे आणि ती खरी आहे. आपल्या घरी ‘नवप्रभा’ आणि ‘गोमन्तक’ दोन्ही यायचे, अग्रलेख मोठ्याने वाचायला लावून तुम्ही आम्हाला त्यावर प्रश्न विचारायचात. आकाशवाणीच्या बातम्या दहा मिनिटांत संपायच्या आणि मग त्यावर तुमचं आणि आईचं बोलणं तासभर चालायचं. आता बातम्या दिवसभर आणि तुम्ही दोघं गप्प. मला सलतं ते हे.

२०२५ चा मे महिना आठवा. ३ मेच्या पहाटे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. आपल्या डिचोली तालुक्यातलं गाव, आपल्या वाड्यावरचे धोंड, देवीचं व्रत करणारे भक्त, दरवर्षी जातात तिथे. आई, तू घराघरांत फोन करून कोण परतलं, कोण नाही, याची चौकशी करत होतीस, आणि पडद्यावर तीच दोन-तीन दृश्यं पुन्हा पुन्हा फिरत होती. वाट कशी होती, बंदोबस्त किती होता, जबाबदार कोण, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. पुढे सत्यशोधन समितीचा अहवाल आला, प्रशासन, पोलीस आणि देवस्थान समिती अशा सगळ्यांवर ठपका आला. ते सविस्तर तुम्हाला आपल्या गोव्यातल्या वर्तमानपत्रांतच वाचायला मिळालं. दिल्ली-मुंबईचे निवेदक तोवर कधीच पुढे निघून गेले होते.

कारण त्याच आठवड्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. ८ मेच्या रात्री कराचीचं बंदर आपल्या नौदलाने उद्ध्वस्त केलं, अमुक शहर घेतलं, तमुक पडलं, असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. यातलं काही घडलेलं नव्हतं. आणि मागे स्टुडिओत हवाई हल्ल्याचा भोंगा अखंड वाजत होता. बाबा, मध्यरात्री तुमचा फोन आला: “नौदलाचा हंसा तळ तुमच्या उशाशी आहे, मुलांना घेऊन आत्ताच्या आत्ता इकडे ये.” तुमचा आवाज कापत होता. इथे वास्कोत सगळं शांत होतं, मुलं झोपली होती. १० मेला नागरी संरक्षणाच्या महासंचालनालयाने वाहिन्यांना कळवलं की कार्यक्रमांत भोंग्याचा आवाज वापरू नका, लोकांना त्याची सवय होऊन खऱ्या भोंग्याचं गांभीर्य जाईल. एखाद-दुसऱ्याने दिलगिरी व्यक्त केली. बाकीच्यांनी विषय बदलला. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांची ती रात्र कोण भरून देणार? मला अजून संताप येतो.

हे असं का चालतं, तेही सांगते. बातमीदार गावोगाव पाठवायचा तर पगार, गाडी, कॅमेरा, आणि बातमी मिळेलच याची खात्री नाही. आठ माणसं आठ चौकटींत बसवून भांडायला लावली की तास भरतो, तोही स्वस्तात. जाहिरातीचा दर ठरतो टीआरपीवर, आणि तो मोजणारी यंत्रं देशभरात मिळून जेमतेम ५०-६० हजार घरांत आहेत. त्यात मोजलं जातं ते एवढंच, की माणूस त्या वाहिनीवर किती वेळ थांबला. काय कळलं, खरं कळलं का, हे कोणी मोजत नाही. म्हणून तर “थोड्याच वेळात सर्वांत मोठी बातमी” म्हणत अर्धा तास ताटकळत ठेवतात आणि शिळ्या कढीला ऊत आणावा तशी सकाळचीच बातमी रात्री नव्याने उकळतात. याच टीआरपीत घोटाळा झाल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदवला, त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद होते. त्या काळातही आरडाओरडा कमी झाला नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे.

आणि दाखवत काय नाहीत? म्हादई नदीचा पाणीतंटा. २०१८ च्या लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली, आपल्या सत्तरी-डिचोली तालुक्यांचं पुढचं जगणं त्यावर अवलंबून. बाबा, या विषयावर तुम्ही त्या आठ चौकटींतल्या कुणाहीपेक्षा जास्त जाणता. पण गेल्या कित्येक महिन्यांत तुमच्या तोंडून म्हादईचं नाव ऐकलं नाही, त्या निवेदकांची नावं मात्र ऐकली.

टीव्ही बंद करा असं मी म्हणणार नाही. आई, तुझ्या मालिका, कीर्तन, सगळं बघ. फक्त रात्री जेवणाच्या वेळच्या त्या चर्चा नकोत. त्या बघून बाबा तणतणतात, घास तसाच राहतो, आणि तू रात्री दारांच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासतेस. बातम्या सकाळच्या पेपरात वाचा, रेडिओवर ऐका.

आणखी एक. परवा जुनी दृश्यं आजची म्हणून दाखवली, असं तुम्ही चिडून सांगत होतात. त्याची तक्रार करू या. २०२१ पासून केबलच्या नियमांत तशी सोय आहे: आधी वाहिनीकडे लेखी तक्रार, तिने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय. समाधान झालं नाही तर ती ज्या स्वनियमन संस्थेची सभासद असेल तिच्याकडे, आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे. हाती फार मोठं लागेल असं नाही. अशा संस्थेने लावलेला एक लाखाचा दंड या वाहिन्यांना काहीच नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ मध्ये म्हटलं होतं. तरी तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचं मुद्देसूद पत्र त्यांच्या दप्तरी जायलाच हवं.

तारीख, कार्यक्रमाचं नाव, वेळ आणि नेमकं काय दाखवलं, एवढं कागदावर लिहून ठेवा. मी रविवारी डिचोलीला येते, टाइप करून तिथूनच ईमेल करू. आई, येताना मासळीत सुंगटं आणू की इसवण, ते शनिवारपर्यंत कळव.

तुमची,
बाय