गौरीचा झोपाळा

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, २६ मार्च २०२३

प्रिय कोयना,

वसतिगृहात ठेवलेलं हे नाव मी अजून सोडलेलं नाही आणि परवापासून तर तेच मनात घोळतंय. शुक्रवारी रात्री इथल्या भूकंपाचं ऐकून तुझा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "काही नाही गं, जरासं हललं." तेवढंच नव्हतं. पण सासूबाई शेजारीच बसल्या होत्या आणि जे सांगायचं होतं ते त्यांच्यासमोर तोंडातून निघेना. म्हणून आज कागद घेऊन बसलेय.

शुक्रवारी चैत्र शुद्ध तृतीया. सकाळपासून गौर बसवायची गडबड. आमची अन्नपूर्णा पितळेची, बोटभर उंचीची, सासूबाईंच्या माहेराहून आलेली. तिचा लाकडी झोपाळा, त्याला पितळी साखळ्या. चौरंग मांडला, गौर झोपाळ्यात बसवली, पन्ह्याचं पातेलं खाली ठेवलं. सासूबाई पाटावर बसून कापसाची वस्त्रं करत होत्या. हे कामावर गेलेले. साडेदहा वाजून गेले असतील.

आधी आवाज आला. जमिनीच्या पोटात कुणी जातं फिरवावं तशी घरघर. गल्लीच्या तोंडाशी मालाचे ट्रक थांबतात, त्यांची सवय आहे, म्हणून मान वर केली नाही. मग खालून एक दणका बसला आणि मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजायला लागली. मी गौरीकडे पाहिलं. झोपाळा हलत होता, कुणीही हात न लावता. साखळ्या किणकिणत होत्या, कुंकवाचा करंडा सरकत चौरंगाच्या कडेला आला आणि पन्ह्यावर गोल गोल वलयं उठली होती.

आणि मी पळाले.

कोयना, मी एकटीच पळाले. आमचा जिना तुला आठवत असेल, दगडी, अरुंद, एकेक पायरी गुडघ्याएवढी. तो कसा उतरले ते मला आठवत नाही. अंगणात आले तर शेजारपाजारचे सगळे बाहेर, "भूकंप है, बाहर आओ, बाहर!" असा ओरडा. समोरच्या भाभींनी माझा दंड धरला आणि विचारलं, "अम्मा कहाँ हैं?" तोवर मला सासूबाईंची आठवणसुद्धा झालेली नव्हती. ब्याऐंशी वर्षांची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, पाटावरून उठायलाही माझा हात लागतो.

वर धावले. त्या होत्या तिथेच होत्या. एक हात जमिनीला टेकलेला, दुसऱ्या हाताने झोपाळा धरून ठेवलेला. मला पाहून म्हणाल्या, "पडली नाही गं गौर." बस, एवढंच. तू कुठे गेली होतीस, असं विचारलं नाही. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा तुझी आजी आठवली. खोलीतले दिवे गेले की तू तिच्या गोष्टी सांगायचीस. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं, कोयनानगरचा भूकंप. अंधारात आजीने आधी एकेका पोराच्या नावाने हाका मारल्या, डोकी चाचपून मोजली आणि मगच सगळ्यांना घेऊन दाराकडे वळली. "आमच्या घरात आधी हाक, मग पाय," असं तू म्हणायचीस. तुझ्या उशाशी बॅटरी असायची आणि पलंगाखाली चपला, टाचा भिंतीकडे, म्हणजे अंधारात उतरलं की थेट पायात. आम्ही सगळ्या त्या चपलांवरून तुला चिडवायचो. किल्लारीच्या भूकंपाच्या सकाळी मात्र कुणी चिडवलं नाही. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. रेडिओवर बातमी आली आणि तू दिवसभर जेवली नाहीस. मी तुझ्याजवळ बसले होते, पण तुला नेमकं काय होतंय ते मला कळलेलं नव्हतं. आमच्या ग्वाल्हेरला असलं काही होत नाही, एवढीच माझी समजूत.

आमचा भूकंप अगदी लहान होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने ४.० तीव्रता सांगितली, ग्वाल्हेरच्या आग्नेयेला २८ किलोमीटरवर, १० किलोमीटर खोल. ह्यांना तर काही कळलंच नाही, संध्याकाळी घरी येईपर्यंत मी उगाच घाबरले असंच त्यांना वाटत होतं. मंगळवारी रात्री हिंदुकुशचा धक्का दिल्लीपर्यंत आला, तेव्हा भाची नोएडाहून रडत बोलत होती आणि मी तिला धीर देत होते. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळ हादरला त्या दिवशी इथे दिवाणखान्यातला पंखा झुलल्यासारखा हलला होता. पण ते लांबचे भूकंप. लांबून येईपर्यंत धक्क्याची धार जाते, नुसता हेलकावा उरतो. हा जवळचा होता, खालून आला, आवाज घेऊन आला. पायाखालची जमीन आपली नाही, असं त्या तीन-चार सेकंदांत मला पहिल्यांदा वाटलं. तुला हे लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या रात्री मी छताकडे पाहत जागी होते. तू आली होतीस तेव्हा विचारलं होतंस ना, एवढी लांब फरशी छताला टिकते कशी? ती वालुकाश्माची पट्टी. गर्डरवर एकेक पट्टी टाकून वर चुना आणि मातीचा थर. आमच्या लष्कर भागातली निम्मी जुनी घरं अशीच आहेत, उन्हाळ्यात गार राहतात म्हणून आम्हाला त्यांचं कौतुक. भिंती हातभर जाड, दगडाच्या. किल्लारीतही दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छपरंच लोकांच्या अंगावर आली, जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आणि तिथेही मोठा भूकंप होणार नाही असंच मानलं जायचं. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. किल्लारीचा धक्का ६.२ चा, म्हणजे आमच्या शुक्रवारच्या धक्क्याच्या जवळजवळ दोन हजार पट. हा हिशेब मी पहाटे तीन वाजता वहीत मांडला आणि मग झोपच आली नाही. फेब्रुवारीत तुर्कस्तानात पत्त्यांसारख्या पडलेल्या इमारती टीव्हीवर पाहिल्या होत्या, त्याही डोळ्यांपुढे येत राहिल्या.

एका गोष्टीचा मला फार संताप आला. दुपारपासून मोबाइलवर निरोप फिरत होते, 'रात्री दोन वाजता मोठा येणार.' पलीकडच्या गल्लीतले लोक तान्ह्या पोरांना घेऊन रस्त्यावर बसले होते. भूकंप कधी येणार याची वेळ जगात कुणालाही सांगता येत नाही. तुमच्या कऱ्हाडजवळ हजारमाचीला भूकंप अभ्यासायला प्रयोगशाळा बांधली, जमिनीत तीन किलोमीटर भोक पाडलं, तरी तिथले शास्त्रज्ञसुद्धा वेळ सांगत नाहीत. मी चार घरी जाऊन हे सांगितलं. दोघांनी ऐकलं.

काल सासूबाईंच्या पलंगावरच्या माळ्यावरून पितळी हंडे खाली काढले. वर्षानुवर्षं ते त्यांच्या डोक्यावर होते आणि आम्ही त्यांना शोभा म्हणत होतो! लोखंडी कपाट भिंतीला पक्कं करून घेतलं. पट्ट्या आणि गर्डर बघायला पुढच्या आठवड्यात इंजिनिअर येणार आहे. सासूबाईंचा पलंग मधल्या खोलीतून काढून अंगणाच्या दाराशी, खालच्या खोलीत आणायचा विचार आहे. पण देवघर वर आहे, म्हणून त्या तयार नाहीत. यावर तू काय म्हणशील?

आणखी एक विचारायचं आहे. हलत असताना धावायचं नाही, मजबूत टेबलाखाली बसून टेबलाचा पाय धरायचा, डोकं झाकायचं, असं सगळीकडे सांगतात. पण ज्यांना खाली बसता येत नाही त्यांचं काय? आजी शेवटी शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा तुम्ही घरात काय ठरवलं होतं? मला नीट, सविस्तर लिही. फोनवर नको, सासूबाई ऐकतात.

रात्री मी त्यांच्याच खोलीत अंथरूण घातलं. का, ते त्यांनी विचारलं नाही. उशाशी बॅटरी ठेवली, चपला ठेवल्या, टाचा भिंतीकडे. दिवा मालवल्यावर अंधारात त्यांना हाक मारून पाहिली, "आई." त्या म्हणाल्या, "जागी आहे गं. चपला जरा आत सरकव, रात्री उठले तर माझा पाय अडकेल."

हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत आहे, २२ एप्रिल. ये ना. कैरीची डाळ तुझ्या हातचीच आवडते त्यांना.

तुझीच,
ग्वाल्हेरवाली