बाबा, इकडचे म्हातारे ड्रायव्हर पण तुमच्यासारखेच बोलतात

ती. आई-बाबा,

फोनवर हे सांगायला गेले की बाबा दोन मिनिटांत "बरं बरं, जेवलीस का" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवते. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव, बाबांना चष्मा शोधायला लावू नकोस, नाहीतर ते राहूनच जाईल.

इथे कार्लाईलला आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या यार्डात एका कोपऱ्यात ॲटकिन्सन कंपनीचा जुना ट्रक, अशी गाडी ठेवलीय आणि सुट्टीच्या दिवशी काही रिटायर्ड ड्रायव्हर तिला घासायला-पुसायला येतात. घासणं कमी आणि चहा जास्त असा प्रकार आहे. मी ऑफिसातून गाड्यांचे रूट लावणारी पोरगी म्हणून आधी त्यांनी मला फारसं विचारलं नाही, पण माझे वडील ट्रक चालवायचे हे कळलं आणि खुर्चीच आली बसायला. तेव्हापासून मी तिथेच असते.

पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे हे लोक स्वतःची ओळख गावावरून करून देत नाहीत, कंपनीवरून देतात. "मी रॉब्सनचा", "मी बीआरएसचा", "हा पिकफर्ड्सचा, ह्याच्याशी जपून बोल". रॉब्सन ही इथलीच, कार्लाईलची कंपनी, त्यांच्या गाड्यांना नावं असायची आणि प्रत्येक नावाची सुरुवात 'बॉर्डर' अशी, कारण इथून स्कॉटलंडची हद्द जवळ. कंपनी कधीच बंद झाली, पण माणूस अजून रॉब्सनचाच. पिकफर्ड्सच्या निळ्या, बीआरएसच्या लाल, तिकडे वेल्समध्ये न्यूपोर्टच्या विन कंपनीच्या अवजड माल ओढणाऱ्या त्या पण लाल. लांबून रंग दिसला की कोण येतंय ते कळायचं आणि लाईट मारायची. एडी स्टोबार्ट कंपनी तर तुम्हाला मी मागे दाखवलेली, हिरव्या गाड्या आणि प्रत्येकीला बाईचं नाव, पहिलं नाव 'ट्विगी' होतं म्हणे. ती पण इथलीच, हेस्केट न्यूमार्केट नावाच्या खेड्यातून निघालेली. आमच्या ह्या म्हाताऱ्यांचा तिच्यावर राग पण आहे आणि अभिमान पण, कधी काय निघेल सांगता येत नाही.

बीआरएस म्हणजे ब्रिटिश रोड सर्व्हिसेस, सरकारी. १९४७ च्या कायद्यानं सरकारनं लांब पल्ल्याच्या ट्रान्सपोर्ट कंपन्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली, ३ हजारांहून जास्त शेटलोकांच्या गाड्या गेल्या, ४० हजारांच्या आसपास गाड्या एकाच नावाखाली आल्या. ज्यांच्या राहिल्या त्यांना परवान्याशिवाय आपल्या ठिकाणापासून २५ मैलांच्या बाहेर जायची बंदी. म्हणजे बघा, बापजाद्यांची कंपनी, दारावर नाव रंगवलेलं, आणि एक दिवस सरकारी रंगारी येतो आणि त्यावर लाल फिरवतो. हडर्सफील्डच्या हॅन्सन घराण्याची कंपनी पण अशीच गेली. मग १९५१ मध्ये सरकार बदललं आणि १९५३ च्या कायद्यानं त्याच गाड्या परत विकायला काढल्या! पण गंमत अशी की शेट रडत होते तेव्हा ड्रायव्हर रडत नव्हते. आमच्यातला एक म्हणतो बीआरएसमध्ये पहिल्यांदा त्याला ठरलेला पगार, युनियन आणि वेळेवर सुट्टी मिळाली, आधीच्या मालकाकडे "आजारी आहे" म्हटलं की दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसराच बसलेला असायचा. रॉब्सनवाला लगेच म्हणाला, हो, आणि तुमच्या डेपोत बल्ब बदलायला पण चार सह्या लागायच्या. तासभर तेच चाललं. पुढे १९८२ साली ह्या सरकारी धंद्याचा उरलेला भाग नोकरांनीच मिळून विकत घेतला, ड्रायव्हर-क्लार्क सगळ्यांनी शेअर घेतले आणि ज्यांनी ठेवले त्यांचं सोनं झालं. ज्यानं घेतले नाहीत तो पण आमच्यात आहे, त्याच्यासमोर हा विषय काढायचा नाही.

आता बाबा, घाट. इथून दक्षिणेला जायचं तर पूर्वी ए-सिक्स नावाच्या जुन्या रस्त्यानं शॅपचा डोंगर ओलांडायला लागायचा. माथा साधारण १४०० फूट, तुम्ही हसाल, कसाऱ्यापुढे हे काय. मी पण हसले होते. पण वर बर्फ, वारा, धुकं, खाली लोडेड गाडी आणि गार्डनरचं इंजिन, मॅंचेस्टरजवळ बनणारं, कधी न मरणारं पण ताकद किती तर चढाला माणूस शेजारून चालत पुढे जाईल इतकी. गाडीत हीटर नाही. एकजण सांगतो पायाला पोतं गुंडाळून बसायचो आणि इंजिनाच्या झाकणावर एक हात, तो शेकला की दुसरा. १९६२-६३ च्या हिवाळ्यात तर डिझेल थिजायचं, मग चिंध्या तेलात बुडवून टाकीखाली पेटवायच्या. टाकीखाली! मी तोंडावर हात ठेवला तर म्हणे अगं डिझेल आहे, पेट्रोल नाही. बाबा, अगदी हेच वाक्य तुमच्या तोंडून ऐकलंय मी.

आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची, त्याला हे लोक 'स्कॉच ओव्हरड्राईव्ह' म्हणतात. सगळ्यांनी केलंय आणि सगळे म्हणतात मी नाही केलं, तो करायचा.

दक्षिणेकडून शॅप चढायच्या आधी 'जंगल कॅफे' नावाचं ड्रायव्हर लोकांचं ठिकाण होतं. तिथे लेलँड कंपनीनं रस्त्याकडेला उभारलेलं एक मोठं घड्याळ होतं. हो, तीच लेलँड, तुमच्या कॉमेट ट्रकची आई. प्रेस्टनच्या खाली लेलँड नावाचं गावच आहे, तिथे जुन्या ट्रकांचं म्युझियम आहे, तुम्ही आलात की पहिलं तिथे नेणार. ते घड्याळ आता केंडल गावात हलवलंय कारण १९७० ला डोंगरावरून एम-सिक्स मोटरवे सुरू झाला आणि जुन्या रस्त्यावरची वर्दळच गेली. कॅफे गेले, रात्रीचे लाईट गेले. पण ए-सिक्सच्या माथ्यावर एक स्मारक आहे, दगडाचं, मी जाऊन बघितलं. राजा-राणीचं नाही, लढाईचं नाही. ह्या अवघड रस्त्यावरून गाड्या नेणाऱ्या ड्रायव्हर आणि त्यांच्या सोबत्यांसाठी, रस्ता बांधणाऱ्या-राखणाऱ्यांसाठी आणि बर्फात अडकलेल्यांना खायला-निजायला देणाऱ्या आसपासच्या लोकांसाठी. बाबा, ट्रक ड्रायव्हरसाठी दगडात कोरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. फोटो वेगळा पाठवलाय, मोठा करून बघा.

सोबत्यांचं म्हणाल तर सगळ्यात आवडली मला ती रात्रीच्या ट्रंकवाल्यांची, म्हणजे रात्री लांब पल्ल्याची गाडी नेणाऱ्यांची गोष्ट. पद्धत अशी की लंडनकडे जाणारी गाडी आणि लंडनहून येणारी गाडी मध्यरात्री अर्ध्या वाटेवर एखाद्या कॅफेत भेटायच्या, ड्रायव्हर आपसात गाड्या बदलायचे आणि ज्याचा तो आपापल्या घराकडे परत. लंडनच्या आत माल पोचवायला वेगळी माणसं, शंटर म्हणायचे त्यांना. तर हा आमचा म्हातारा वर्षानुवर्षं एकाच माणसाशी गाडी बदलायचा. त्याच्या बायकोचं आजारपण, पोरीचं लग्न, सगळं माहीत, पण त्याला दिवसाच्या उजेडात कधी पाहिलं नव्हतं! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या केसांचा रंग बघून हा दचकला. "मला तो काळे केसवाला वाटायचा, लाल निघाला." सीट गरम मिळायची म्हणे, आणि सीटच्या मागे दुसऱ्यानं ठेवलेली अर्धी सिगारेट.

शिकवणं पण तसंच. इथे पण उस्ताद आणि क्लीनर होतेच हो, मोठ्या गाडीला मागे ट्रेलर असेल तर दुसरा माणूस लागायचाच. पोरगं आधी वर्षभर यार्ड झाडायचं, दोर गुंडाळायचं, मग कधी गाडी यार्डातल्या यार्डात हलवायला मिळायची. दोर आणि ताडपत्री हीच खरी परीक्षा. उघडा ट्रेलर, त्यावर पोती नाहीतर कागदाचे रोल नाहीतर पिंप, वर भिजलेली ताडपत्री चढवायची, ती एवढी जड की दोघांना आवरत नाही, मग दोर टाकायचे आणि 'डॉली' नावाची गाठ मारून आवळायचे. घडी कशी घातलीय, मागचा कोपरा कसा दुमडलाय ह्यावरून माणूस कोणत्या कंपनीत शिकला ते सांगता यायचं. आता पडद्यांचे ट्रेलर, बकल लावलं की झालं, आमची नवीन पोरं डॉली म्हटलं की बघतच राहतात. मी सहज म्हणाले की माझे बाबा पण असाच फास टाकून दोर दुहेरी ओढायचे आणि एका झटक्यात सोडायचे, तर त्यातला एक म्हणाला शक्यच नाही, ही गाठ इकडचीच आहे. ह्याच्यावर पुढे बोलते.

सगळं गोडगोड आहे असं समजू नका. मला हे लोक आवडतात पण ऐकलेलं सगळंच मी जसंच्या तसं खरं धरत नाही. १९५७ पर्यंत अवजड गाडीला कायद्यानं ताशी २० मैलांची मर्यादा होती, मग ठरलेल्या तासांत ट्रिप होणार कशी, म्हणून लॉगशीट दोन-दोन, एक खरं आणि एक साहेबाला दाखवायचं. झोपायला ड्रायव्हरांची खानावळवजा घरं, एका खोलीत ओळीनं खाटा, बूट उशाखाली घेऊन झोपायचं नाहीतर सकाळी नसायचे. सगळ्यांची पाठ गेलेली, कारण माल हातानंच चढवायचा-उतरवायचा. एका कानानं ऐकू कमी कारण इंजिन केबिनमध्येच मांडीला लागून. एक म्हणाला "काय मजेचे दिवस होते", तर दुसरा म्हणाला "तुला काय आठवतंय, तू झोपलेला असायचास, स्टेअरिंगवर".

मग टॅकोग्राफ आला. गाडीतच डबा, चकतीवर वेग, वेळ, विश्रांती सगळं आपोआप नोंदणार. 'केबिनमधला हेर' म्हणून युनियननं किती वर्षं अडवलं, शेवटी १९७९ ला युरोपच्या कोर्टानं ब्रिटनला सुनावलं आणि १९८१ संपेपर्यंत सगळीकडे लागला. त्याच १९७९ च्या जानेवारीत ड्रायव्हरांचा मोठा संप झाला, आठवड्याला ६५ पौंड पाहिजेत म्हणून, बंदरांच्या गेटवर थंडीत शेकोट्या. ह्या संपावरून अजूनही दोघेजण एकमेकांशी नीट बोलत नाहीत, एक गेटवर उभा होता आणि एक गाडी घेऊन आत गेला होता. एकाच गाडीची बॉडी घासतात, पण एक डावीकडून आणि एक उजवीकडून. टॅकोग्राफबद्दल मात्र मला म्हाताऱ्यांचं पटत नाही आणि मी तसं सांगितलं. मी रोज त्याच तासांवर रूट लावते, माझ्या ड्रायव्हरला मी जास्त चालवू शकत नाही आणि माझा साहेब पण मला तसं सांगू शकत नाही. बाबा, तुम्हाला कोणी असा डबा लावून दिला असता तर आईच्या निम्म्या रात्री वाचल्या असत्या.

आई, तुझ्यासाठी पण एक आहे. एका ड्रायव्हरची बायको येते कधीकधी, तिच्याकडे खरी माहिती असते. बाहेर मुक्कामाचा भत्ता मिळायचा, तर हे महाशय घराजवळ गाडी लावून गुपचूप घरी येऊन झोपायचे आणि कंपनीला मुक्काम लिहून द्यायचे. सगळेच करायचे म्हणे. ते पैसे ती वेगळे ठेवायची, आणि त्यातून घरात वॉशिंग मशीन आलं. "कंपनीनं दिलं" असं ती अजून म्हणते. शेजारणीनं नवरा घरी आहे हे सांगू नये म्हणून शेजारणीला पण त्यातलं काहीतरी द्यायला लागायचं. मला लगेच तुझा तांदळाच्या डब्यातला हिशोब आठवला. तिला सांगितलं तर म्हणाली तुझ्या आईला घेऊन ये.

आता काम. बाबा, मला तुमचं पाहिजे. आईच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायचं मी दाखवलंय, आई दाबेल, तुम्ही फक्त बोला. तुमच्या पहिल्या उस्तादानं किती दिवसांनी स्टेअरिंग हातात दिलं, त्या शेटच्या गाड्यांचा रंग कोणता होता, हुंडेकऱ्याकडे बिल्टीसाठी बसून राहायचात तेव्हा तिथे कोण कोण असायचं, घाटात तुमची गाडी रात्रभर बंद पडली तेव्हा जो दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर थांबला त्याचं पुढे काय झालं. तुमचा तो क्लीनर, जो नंतर स्वतःची गाडी घेऊन गेला, तो कुठे असतो? आईला माहीत असेल, तिला त्याच्या लग्नाचं बोलावणं आलं होतं. "त्यात काय सांगायचं" हे उत्तर चालणार नाही, इथले पण आधी तेच म्हणतात आणि मग अंधार पडेपर्यंत उठत नाहीत.

आणि ती गाठ. रविवारी मी यार्डातून व्हिडिओ कॉल करते, गॅलरीत कपड्यांची दोरी सोडून ठेवा, गॅलरीच्या लोखंडी गजाला बांधून दाखवा, हळूहळू, दोनदा. पैज लागलीय, माझ्याकडून मी तुमच्या नावावर पाच पौंड लावलेत, तेव्हा गुडघा दुखतोय वगैरे आधीच सांगू नका.

तुमची,
लेक