‘पाय पाहिलेस का?’ विचारणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत, मीही तुमचं विचारायचं विसरले. म्हणून हे आभार असे उघड्यावरच मानतेय.

तळ्याकाठी माझ्या शेजारी स्कोप (पक्षी बघायची तिकाटण्यावरची दुर्बीण) लावून उभे होतात ते तुम्ही. समोर वीस-पंचवीस कलहंस (ग्रेलॅग गूज, एक जातीचे रानहंस) चरत होते आणि त्यांच्या कडेला एक जरा लहान, गडद मानेचा पक्षी. वहीत ‘कलहंस, पिल्लू’ असं लिहून मी मोकळी झाले होते. तुम्ही वहीत डोकावलात, पण चुकलंय असं म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत, “पाय पाहिलेस का?”

पाय पाण्यात होते. मग नुसतं थांबणं. अर्ध्या तासाने स्वारी एकदाची काठावर चढली, एक पाय उचलून मान खाजवली, आणि दिसला तो चक्क नारिंगी! शेजारच्या कलहंसांचे मात्र गुलाबी.

“मग पट्टकादंबाचं पिल्लू,” मी घाईने ठोकून दिलं. पट्टकादंब म्हणजे बार-हेडेड गूज, मोठ्या पक्ष्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात तो. त्याच्या पिल्लांच्या डोक्यावर ते दोन काळे पट्टे नसतात, एवढं नुकतंच वाचलं होतं ना! त्यावरही तुम्ही हसला नाहीत, समजावून सांगितलंत: पट्टकादंबाच्या पिल्लाचा चेहरा फिकट असतो, डोक्यावरून मानेमागे गडद पट्टा उतरतो. याचा चेहरा बघ, चोचीपर्यंत तपकिरी. पंख पसरला तेव्हा म्हणालात, कलहंसाच्या पंखाची पुढची बाजू फिकट राखाडी, लांबून चमकते, याची मळकट. आणि याच्या चोचीच्या टोकाचं नख, म्हणजे टोकावरचा कठीण भाग, काळपट.

शेवटी तुम्ही नाव घेतलंत: व्हाइट-फ्रंटेड गूज, म्हणजे पांढऱ्या कपाळाचा कादंब. मी दुर्बिणीतून कपाळ शोधत बसले. पांढरं कुठाय? शास्त्रीय नावातल्या ‘अल्बिफ्रॉन्स’चा अर्थही तोच म्हणे. तेव्हा कळलं की पुस्तकातलं चित्र मोठ्या पक्ष्याचं असतं. आर्क्टिक टुंड्रात याच उन्हाळ्यात जन्मलेल्या पोराला चोचीभोवतीचा पांढरा रंग पहिल्या हिवाळ्यात हळूहळू येतो, पोटावरचे काळे पट्टे त्याहून उशिरा. नावातली खूणच अंगावर नाही, असा पक्षी कुणी कसा ओळखायचा? तुम्ही ओळखलात.

थवा उडाला तेव्हा “आता कान दे” म्हणालात. कलहंस पाळीव हंसांसारखे भसाड्या आवाजात ओरडले (पाळीव हंस बहुतेक त्यांचेच वंशज, हेही तुमच्याकडूनच कळलं) आणि त्या कलकलाटात एक बारीक, हसल्यासारखा आवाज वेगळा निघाला. तो अजून कानात आहे.

वहीतली ती ओळ मी खोडलेली नाही, पुढे बाण काढून खरं नाव लिहिलंय. त्या रात्री जुने फोटोही चाळले. दोन वर्षांपूर्वीच्या एका ‘कलहंसा’ची मान मला आता जरा जास्तच गडद वाटतेय. पाय मात्र पाण्यात आहेत. पुन्हा भेटलात तर दाखवेन.

तुमची,
स्कोपशेजारची मुलगी