ओडी, अमायी

प्रिय अमायी,

मनातलं नीट सांगायचं तर मला अजूनही मराठीच लागते. म्हणून हे पत्र आधी मराठीत लिहिते, आमच्या माणसांनाही वाचू देते, आणि मग तुमच्या अंगणात बसून तुमच्या भाषेत, चिचेवात, वाचून दाखवते.

दर डिसेंबरला आम्ही नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र पाठवतो. शाळेत मुलं किती, आठवीच्या परीक्षेला किती बसली, छताचे पत्रे बदलले का, प्रार्थनेचे विषय कोणते. गेल्या आठवड्यात ती सगळी जुनी पत्रं एका बैठकीत वाचली. इतक्या वर्षांत तुमचा उल्लेख एकदाच सापडला: ‘शेजारच्या एक बाई मदत करतात.’ एवढाच! वाचून मला फार वाईट वाटलं. आमची इथली एकही गोष्ट तुमच्यावाचून उभी राहिली नसती, आणि तुम्हाला आम्ही एका ओळीत बसवलं.

आम्ही मलावीत, झोंबाजवळच्या या गावात आलो ते २०१९च्या जानेवारीत, भर पावसात. तिसऱ्या दिवशी दाराबाहेरून ‘ओडी!’ अशी हाक आली. इथे कडी वाजवत नाहीत, हाक मारतात, आणि आतून ‘ओडिनी’ म्हटल्याशिवाय पाऊल आत पडत नाही, हे मला कुठे माहीत? मी नुसतीच बघत राहिले. तुम्ही पावसात तशाच उभ्या, हातातल्या टोपल्यात भोपळ्याचा कोवळा पाला आणि शेंगदाण्याचं कूट. पुढे कळलं की जानेवारी ते मार्च हे इथले टंचाईचे महिने. कणगीतला मका संपत आलेला असतो, नवा हाती यायला एप्रिल उजाडतो. त्या दिवसांत तुम्ही घरातलं कूट आमच्यासाठी आणलं होतं.

मग तुम्ही मला बोलायला शिकवलंत. मी सगळ्यांनाच ‘इवे’ म्हणत सुटले होते, गावच्या म्हाताऱ्यांनासुद्धा. तुम्ही चारचौघांत एक शब्द बोलला नाहीत. बोअरवर पाणी भरताना हळूच सांगितलंत, ‘इवे’ लेकरांना, मोठ्यांना ‘इनू’. अहो, हे तर आमचं तू आणि तुम्ही! त्या दिवसापासून चिचेवा मला परकी वाटली नाही. आठवीच्या वर्गात शंभरावर मुलं बसतात. मलावीत १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत झालं, मुलं लोंढ्याने आली, खोल्या आणि शिक्षक मात्र त्या मानाने वाढले नाहीत. एवढ्या मुलांपुढे उभं राहून गणित शिकवायचं तर आधी त्यांच्या आईबापांशी नीट बोलता यायला हवं. ते मला तुमच्यामुळे आलं.

आता ती रात्र. २०२०चा जानेवारी. हे पुस्तकं आणायला लिलोंग्वेला गेले होते. आमचा चार वर्षांचा लेक संध्याकाळपासून मलूल होता, कपाळ तापलेलं आणि पाय गार. मी तापाचं औषध दिलं आणि सकाळी बघू म्हणून पडले. तुम्ही दिवा दिसला म्हणून आलात. त्याच्या पोटाला, पायांना हात लावून पाहिलात आणि म्हणालात, सकाळी नाही, आत्ता. कमरेच्या चितेंजेच्या कापडाची झोळी करून त्याला पाठीला बांधलंत, भाड्याने सायकल चालवणाऱ्या दोन काबाझावाल्यांना झोपेतून उठवलंत, आणि त्या अंधारात चिखलातून आपण सायकलींच्या कॅरिअरवर बसून आरोग्य केंद्र गाठलं. पंधरा मिनिटांत चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा. मलेरिया!

गोळ्यांचे सहा डोस, तीन दिवस, दुसरा डोस आठ तासांनी. पहिला डोस त्याने अर्ध्या तासात ओकून टाकला. नर्सने पुन्हा दिला आणि बजावलं की पोटात काहीतरी स्निग्ध हवं, तरच हे औषध नीट अंगी लागतं. मी रडत बसले होते. तुम्ही कुणाची तरी म्बाउला, कोळशाची शेगडी, मागून आणलीत, कोळसे फुंकलेत, मक्याच्या पिठाच्या पातळ फालात शेंगदाण्याचं कूट घालून ढवळलंत आणि त्याला एकेक चमचा भरवलात. चमचा ओठाला लावून आधी निववायचात. त्या चमच्याकडे पाहत मी प्रार्थना करत होते, आणि मला वाटतं प्रभूने माझ्या प्रार्थनेचं उत्तर तुमच्याच हातून दिलं. पुढच्या दोन रात्री तुम्ही आमच्या चटईवर काढल्यात. तुमचं शेत खुरपायचं तसंच राहिलं होतं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

फ्रेडी वादळाबद्दल फार लिहवत नाही. मार्च २०२३, तो न थांबणारा पाऊस, डोंगर खचले, दक्षिण मलावीत शेकडो माणसं गेली. शाळेचे वर्ग निर्वासितांनी भरले. तुमच्या स्वतःच्या घराची मागची भिंत पडली होती, तरी मोठा लाकडी म्थिको घेऊन तुम्ही पहिल्या दुपारीच मक्याच्या पिठाची न्सिमा घोटायला हजर. कॉलऱ्याची साथ आधीपासूनच होती. उकळल्याशिवाय पाण्याचा एक पेलाही तुम्ही कुणाला देऊ दिला नाहीत.

आमच्या नगरला सिंथिया फरार नावाच्या बाई होत्या. १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींना शिकवत राहिल्या, तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे धडे घ्यायला त्यांच्याकडे गेल्या होत्या. लहानपणापासून त्यांचं नाव ऐकत आले. हल्ली मात्र मनात येतं, फरारबाईंना नगरच्या बाजारात भाजी घ्यायला कुणी शिकवलं असेल? ताप आला तेव्हा कुणी उशाशी बसलं असेल? कुणीतरी असणारच. तिचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही.

आणि नांडोलो! मका निघाल्यावरही शेतात उभी राहिलेली ती झुडपं पाहून मी ओरडलेच होते, ‘तूर!’ नगरकडे बाजरीत तूर घेतात, तशी तुम्ही मक्यात घेता. तुम्ही दाणे अख्खे शिजवता. मी भरडून, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन वरण केलं, ते तुम्ही न्सिमाबरोबर दोनदा मागून घेतलंत. २०२१ साली भारताने मलावीशी वर्षाला ५० हजार टन तूर घेण्याचा करार केला, तेव्हा तुम्ही विचारलंत, म्हणजे माझे दाणे तुझ्या आईच्या घरी जातील? व्यापारी तुम्हाला देतात तो भाव फार थोडा आहे, हे मला टोचतं. पण त्या प्रश्नाला मी हो म्हटलं होतं, आणि फोनवर आईलाही सांगितलं होतं. ती अजून डाळ निवडताना तुमची चौकशी करते.

येत्या डिसेंबरच्या पत्राची सुरुवात तुमच्यापासून होईल. त्याआधी रविवारी, उपासना संपली की हे घेऊन येते. लेकही येणार आहे, फालाच्या आशेने. दाराबाहेर थांबून हाक मारीन. तुम्ही ‘ओडिनी’ म्हणा.

झिकोमो क्वंबिरी, खूप खूप आभार, अमायी.

तुमची,
शेजारची शिक्षिका