राग पात्रावर करा, नटाच्या घरादारावर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालिकेत सुनेला छळणारी सासू पाहून प्रेक्षकाच्या तळपायाची आग मस्तकात जावी, यात काही गैर नाही. त्या नटीचे कामच ते. पण अलीकडे हा राग टीव्हीसमोर संपत नाही. एपिसोड आटोपला की मोबाइल हातात येतो, त्या नटीचा घरचा फोटो शोधला जातो आणि त्याखाली तिच्या आईबापाचा, लेकराबाळांचा उद्धार सुरू होतो. आमच्या खेड्यातली चांगल्या घरची पोरेही असे लिहिताना मी पाहते. फार वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली. त्यातली राधिका नागपूरची, आपल्याच बोलीत बोलणारी. त्यामुळे विदर्भात ती घरोघरची लेक झाली आणि तिच्या नवऱ्याला नादी लावणारी शनाया सगळ्यांची वैरीण. आमच्या आळीतल्या बाया शनायाच्या नावाने बोटे मोडायच्या. मध्येच रसिका सुनील यांच्या जागी ईशा केसकर शनाया झाल्या, पुढे पुन्हा रसिका परतल्या. बोटे मोडणे मात्र तसेच चालू राहिले, शब्दसुद्धा तेच. म्हणजे राग या दोघींपैकी कुणावरच नव्हता. तो लेखकाने कागदावर उभ्या केलेल्या बाईवर होता. मग तो या मुलींच्या पदरात का टाकायचा?

आम्हा झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या लोकांना तर हे कुणी शिकवायची गरज नाही. धान निघाले, दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरते आणि रात्री नाटक असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा म्हणजेच देसाईगंजहून नाटक कंपन्यांच्या गाड्या येतात आणि नाटक रात्रभर चालते. खलनायक मंचावर आला की बाया मोठ्याने शिव्या घालतात. 'तुया तोंडात माती पडो' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण उजाडल्यावर काय होते? तोच माणूस मंडपामागे खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत बसलेला असतो. एका गालावर अजून लाली, मिशीचा डिंक निघता निघत नाही, थंडीने अंग आखडलेले. मग तो गळ्याला मफलर गुंडाळून चहाच्या टपरीवर येतो. रात्री त्याला शिव्या घालणारी म्हातारीच त्याला म्हणते, "रातभर लय छळलं रे बाबू त्या पोरीले! घे, च्या घे." तो हसतो, चहा घेतो आणि गाडीत जाऊन झोपतो, कारण रात्री दुसऱ्या गावात पुन्हा उभे राहायचे असते. 'विलन भारी होता बाप्पा' अशी त्याची वाहवा गावात पुढे कितीतरी दिवस चालते. याच रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हाला घरातल्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला.

टीव्हीवाल्या नटाचा रंग पुसलेला चेहरा आम्हाला दिसत नाही. गडबड इथेच होते, असे मला वाटते.

निळू फुले यांचेच पाहा. पडद्यावर लबाड सरपंच आणि माजलेला पाटील पाहून खेड्यातल्या बाया त्यांना खरोखर वाईट समजत. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, एकेकाळी पुण्यात माळीकाम केलेला, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंबरोबर झटणारा. आणि रामायण मालिकेतले रावण, अरविंद त्रिवेदी? १९९१ च्या निवडणुकीत सीतेचे काम केलेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून लोकसभेवर गेल्या आणि रावण साबरकांठातून. लोकांनी दोघांनाही मते दिली. तेव्हा कुणाकडे मोबाइल नव्हता, पण पात्र वेगळे आणि माणूस वेगळा एवढे कळत होते.

आणखी एक गोष्ट खटकते. खलनायक पुरुष असला तर त्याच्या संवादांची नक्कल होते, त्याच्यासोबत सेल्फी काढायला रांग लागते. खलनायिका असली तर थेट तिच्या चारित्र्यावर बोलले जाते. संसार मोडणारा नवरा मालिकेत असतोच की, पण शिव्यांचा मोठा वाटा 'त्या दुसरीच्या' अंगावर येतो. गावात एखादे घर फुटले की दोष बाईच्याच माथी मारतात, त्यातलाच हा प्रकार. बाया बायांविरुद्ध असे लिहितात, याचा मला जास्त त्रास होतो.

कारस्थाने महिनोन्‌महिने ताणतात ती वाहिनी टीआरपीसाठी. त्यावर चिडायचे तर वाहिनीला लिहा, कथा कंटाळवाणी झाली असे सांगा, नाहीतर सरळ टीव्ही बंद करा. सकाळी मेकअपला बसून रात्री उशिरा सुटणाऱ्या नटीच्या हातात त्यातले काहीच नसते.

संपादक साहेब, वर्तमानपत्रांकडेही एक मागणे आहे. मनोरंजनाच्या पुरवणीत नटीच्या खऱ्या लग्नाची बातमी येते आणि मथळ्यात नाव मालिकेतल्या पात्राचे असते. कृपया तिथे तिचे स्वतःचे नाव छापा. आणि यंदा मंडईच्या दिवसांत आपला एखादा प्रतिनिधी वडशाला पाठवा. वर्षानुवर्षे खलनायकाचेच काम करणारे कलावंत तिथे भेटतील. त्यांची मुलाखत आणि रंगाविना फोटो आपण छापावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर